माग काढणारा शब्द

ज्या भाषेला तिच्याच देशातील शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणून हिणवले, त्या स्कॉट्स भाषेत ‘स्पीर’ असा एक लहानसा शब्द आहे. अर्थ अगदी घरगुती : विचारणे, पुसणे. रस्ता पुसायचा असो, आजाऱ्याची खुशाली पुसायची असो, की एखाद्या मुलीला मागणी घालायची असो, स्कॉटलंडमधील जुनी माणसे हाच शब्द वापरीत आली आहेत. कानाला तो भाल्यासारखा टोकदार लागतो खरा. परंतु भाल्याच्या इंग्रजी नावाशी त्याचे काही नाते नाही. त्याचे कूळ वेगळे आहे आणि ते शोधीत गेलो तेव्हा वाट इतकी लांबवर, आणि शेवटी आपल्याच दाराशी, येऊन पोहोचली की, ती वाचकांपुढे मांडावी असे वाटले.

हा शब्द मला भेटला तो नव्या कराराच्या पानांत. ॲबर्डीन येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने सुट्टीवर येताना मला एक पुस्तक आणून दिले. विल्यम लॉरिमर या विद्वानाने मूळ ग्रीकमधून स्कॉट्स भाषेत केलेला नव्या कराराचा तो अनुवाद. इंग्रजीच्या आधाराने मी तो अडखळत वाचू लागलो. शुभवर्तमानांत प्रश्न तर पानोपानी. शिष्य प्रभूला विचारतात, परूशी विचारतात, पिलात विचारतो; आणि या सर्वांपेक्षा अधिक प्रश्न स्वतः प्रभू येशू विचारतो. अशा ठिकाणी पुनःपुन्हा हा ‘स्पीर’ समोर येऊ लागला. शिवाय त्याची ठेवण मजेशीर. इंग्रजीत ‘त्याला विचारले’ असे म्हणतात; स्कॉट्समध्ये मात्र ‘त्याच्यापाशी विचारले’ अशी रचना होते. आपण ‘देवापाशी मागितले’ म्हणतो ना, तशी. विचारण्यासाठी जवळ जावे लागते, हे त्या ‘पाशी’ने न बोलता सांगून टाकले.

लॉरिमर यांच्याविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत. जन्म १८८५चा, वडील पाळक, स्वतः सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक. आयुष्याची अखेरची सुमारे दहा वर्षे त्यांनी या एकाच कामाला वाहिली आणि १९६७ साली ते गेले तेव्हा हस्तलिखिते तशीच घरात होती. ती वाचून, लावून, संपादून त्यांचे चिरंजीव रॉबिन यांनी १९८३ साली छापून आणली. त्या ग्रंथाच्या परिशिष्टात एक गंमत आहे. अरण्यातील मोहाच्या प्रसंगाचा एक पर्यायी अनुवाद तेथे दिला असून त्यात सगळे स्कॉट्स बोलतात. फक्त सैतान तेवढा शुद्ध इंग्रजीत बोलतो! प्राध्यापकमहाशयांची ही थट्टा वाटते तितकी निरुपद्रवी नाही. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडने आपल्या उपासनेसाठी इंग्रजी बायबल स्वीकारले. स्कॉट्समध्ये नव्या कराराचे एक रूपांतर सोळाव्या शतकाच्या प्रारंभी मर्डॉक निस्बेट याने केले होते. परंतु ते विसाव्या शतकापर्यंत छापलेच गेले नाही. म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या अशा वाढल्या की, ज्यांचा देव एका भाषेत बोले आणि आई दुसऱ्या. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते जन्माने इंग्रज होते. त्यांनी आपली भाषा आपल्या श्रोत्यांवर लादली असती, तर आज आपण कोणत्या भाषेत हा अंक वाचत असतो, याचा विचार आपल्या मुलांशी घरात मराठीत न बोलणाऱ्या आईबापांनी सवडीने करावा.

असो. शब्दाकडे वळू.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील फॉरफर या गावी जॉन जेमिसन नावाचे एक पाळक होते. थॉर्केलिन नावाचा एक आइसलँडिक विद्वान त्या भागात फिरत आला आणि बोलण्याच्या ओघात म्हणाला की, तुमच्या खेडूतांच्या तोंडचे शेकडो शब्द माझ्या मायदेशी जसेच्या तसे वापरात आहेत. जेमिसन तोवर इतरांप्रमाणेच समजत होते की, स्कॉट्स म्हणजे इंग्रजीचीच मोडतोड. पाहुण्याच्या त्या बोलण्याने त्यांची झोप उडाली. त्यांनी गावोगावचे शब्द टिपायला सुरुवात केली आणि १८०८ साली दोन खंडांत स्कॉट्स भाषेचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. धर्मग्रामाची कामे सांभाळून कोश रचणाऱ्या त्या माणसाबद्दल, पंथभेद बाजूला ठेवून, मला बंधुभाव वाटतो. पुढे विसाव्या शतकात विद्वानांच्या दोन मोठ्या मंडळांनी हे काम हाती घेतले. ‘स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी’चे दहा खंड १९३१ ते १९७६ या काळात निघाले, जुन्या स्कॉट्सचा कोश तर २००२ साली पुरा झाला.

या कोशांचा हात धरून मागे गेले म्हणजे दिसते ते असे : आइसलँडिकमध्ये विचारणे याला ‘स्पिर्या’ म्हणतात. नॉर्वे आणि डेन्मार्क या देशांतही थोड्याफार फरकाने हाच शब्द आजतागायत रोजच्या बोलण्यात आहे. जर्मनमध्ये ‘श्प्यूरेन’ म्हणजे चाहूल लागणे, जाणवणे. आणि ‘श्पूर’ म्हणजे पाऊलखूण. डचांचा ‘स्पोर’ म्हणजेही माग. दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांकडून तो इंग्रज शिकाऱ्यांनी उचलला आणि वाघसिंहांच्या पावलांच्या ठशांना ते आजही त्याच नावाने ओळखतात. खरे तर इंग्रजांच्या स्वतःच्या पूर्वजांपाशी हा शब्द होता. जुन्या इंग्रजीत ‘स्पोर’ म्हणजे माग, आणि त्यावरून ‘स्प्यूरिअन’ हे क्रियापद : मागावर चालणे, माग काढणे आणि मग शोध घेणे, विचारणे. दक्षिणेत तो विसरला गेला, उत्तरेत टिकला. घरचे गमावून बाहेरून उसने आणणे हे भाषांच्या बाबतीतही घडते.

तेव्हा ‘स्पीर’ म्हणजे मुळात प्रश्न नव्हे. ती मातीवर उमटलेली खूण आहे. शिकारी वाकून पाहतो, ओल्या मातीतला ठसा बोटाने चाचपतो, दिशा ओळखतो आणि चालू लागतो. जनावर दृष्टीआड आहे. परंतु ते येथून गेले, एवढे निश्चित. विचारणारा माणूस नेमके हेच करीत असतो.

या क्रियापदाचा माझ्या मते सर्वांत हृद्य उपयोग एका राजाने केला आहे, आणि तोही आम्हा धर्मगुरूंच्या पुस्तकात. पोप संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस मेंढपाळपदाच्या कर्तव्यांविषयी लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. कळप कसा राखावा, कोणाला कसे बोलावे, बोलणाऱ्याने स्वतः कसे जगावे, हे सांगणारा तो ग्रंथ शतकानुशतके महागुरूंच्या आणि धर्मगुरूंच्या उशाशी राहिला आहे. इंग्लंडच्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड (कारकीर्द ८७१ ते ८९९) याने समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंशी झुंज देता देता तो आपल्या लोकांच्या भाषेत आणला आणि आपल्या राज्यातील प्रत्येक महागुरुपीठाकडे एकेक प्रत पाठविली. वूस्टरला पाठविलेली प्रत आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. या अनुवादाला त्याने एक प्रास्ताविक पत्र जोडले. त्यात तो खंतावून सांगतो की, आपल्या पूर्वजांना ज्ञानाची आवड होती, त्यांनी ते मिळविले आणि मागे ठेवून गेले. त्यांच्या पावलांचा माग आपल्याला अजून दिसतो; परंतु त्या मागावर चालावे कसे, ते आपल्याला येत नाही. आपण मान वाकवून त्या खुणांकडे पाहिले नाही, म्हणून संपत्तीही गेली आणि शहाणपणही गेले. येथे ‘मागावर चालणे’ यासाठी त्याने योजलेला शब्द म्हणजेच आपल्या ‘स्पीर’चा पूर्वज. ग्रंथालये होती, पुस्तके होती. वाचू शकणारे उरले नव्हते. माग होता, विचारणारे नव्हते. राजाला ही शिकाऱ्याची उपमा सुचावी यात नवल नाही; त्याने ती शिक्षणाच्या बाबतीत वापरावी, हे मात्र मला फार मोलाचे वाटते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. ‘माग काढणे’ आपण म्हणतोच. हा माग संस्कृत ‘मार्ग’ या शब्दापासून आला (विणकराचा माग वेगळा, त्याची येथे सरमिसळ करू नये). आणि मार्ग? संस्कृत कोश सांगतात की, त्याच्या पोटात ‘मृग’ आहे : मृगाची वाट, वनातील जनावरांच्या येण्याजाण्याने पडलेली वाट. मृगया म्हणजे शिकार, परंतु ‘मृग्’ या धातूचा अर्थ शोधणे असाही आहे. त्याच घरातून ‘मार्गति’, म्हणजे शोधतो, आणि प्राकृतातून उतरत उतरत आपले ‘मागणे’. म्हणजे आपण देवापाशी मागतो तेव्हा शब्दार्थाने त्याचा मागच काढीत असतो! डोंगरावरील प्रवचनात प्रभूने मागण्याची, शोधण्याची आणि ठोठावण्याची अशी तिहेरी आज्ञा दिली. मराठी बायबलात ती वाचताना पहिली दोन क्रियापदे इतकी सख्खी आहेत, हे माझ्या ध्यानी यायला एका स्कॉट्स शब्दाचे निमित्त व्हावे लागले. लग्नाची मागणी आपण घालतो आणि स्कॉटलंडचा शेतकरीही मुलीच्या घरी जाऊन ‘स्पीर’ करतो. दोन्हीकडे शब्द पाऊलवाटेवरूनच अंगणात आला.

संशोधनाला ‘गवेषणा’ असा एक भारदस्त शब्द आहे. विद्यापीठांतून तो मिरवतो. परंतु त्याचे मूळ गोठ्यात आहे. गो आणि एषणा : हरवलेली गाय शोधणे. यातील एषणा ही ‘इच्छा’ या शब्दाची बहीण, आणि इंग्रजीत विचारणे या अर्थी जे सर्वपरिचित क्रियापद ‘आस्क’, तेही याच मुळाचे, हे भाषाशास्त्रज्ञांना मान्य आहे. आपले ‘पुसणे’ (फळा पुसण्याचे नव्हे, ख्यालीखुशाली पुसण्याचे) ‘पृच्छति’पासून आले. त्याची लॅटिनमधील चुलत भावंडे म्हणजे ‘प्रेकारी’, प्रार्थना करणे. इंग्रजीतील ‘प्रेअर’ ही तिकडूनच आली. गुरुविद्यालयात आम्ही लॅटिन घोकले आणि संस्कृतचेही थोडे धडे गिरविले. परंतु पृच्छा आणि प्रार्थना एका पोटच्या आहेत, हे तेव्हा कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आता खुद्द ‘स्पीर’चे आपल्याशी असलेले नाते. पाऊलखुणेच्याही मागे एक क्रिया आहे : पाय आपटणे, लाथ मारणे. खूण उमटते ती पाय पडला म्हणून. घोडेस्वाराच्या टाचेला बसविलेल्या आरेला इंग्रजीत ‘स्पर’ म्हणतात, तोही याच कुळातला. या मूळ धातूचे संस्कृत रूप आहे ‘स्फुर्’. ऋग्वेदात हे क्रियापद इंद्राच्या पायाच्या तडाख्यासाठी आलेले आहे. पुढे भारतात त्याचा अर्थ वेगळ्या वाटेने गेला. लाथेची उसळी अंगाच्या थरथरण्यात आली, थरथरणे चमकण्यात, आणि मग बाहू स्फुरू लागले, कविता स्फुरू लागली, स्फूर्ती आली. युरोपच्या उत्तरेकडील लोकांनी त्याच धातूपासून जमिनीवरचा ठसा पाहिला आणि खाली वाकून प्रश्न विचारायला शिकले. आपण अंतःकरणातला झोत पाहिला. एकाच घरातले दोन भाऊ, एक मातीकडे पाहणारा आणि एक आभाळाकडे. लॉडर या स्कॉटिश गावी १८०४ साली जन्मलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी मराठी भाषेच्या घडणीवर टिपणे जोडली. ‘स्पीर’ हा शब्द त्यांच्या बाळपणीच्या कानांवर पडला असणारच. ‘स्फुरणे’शी त्याची ओळख त्यांनी कधी मनातल्या मनात करून दिली असेल काय, असे उगाच वाटून जाते.

व्युत्पत्तीच्या नादात शब्दाचे आजचे आयुष्य विसरायला नको. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीची ‘द कॉटर्स सॅटरडे नाइट’ ही कविता १७८६ साली छापली गेली. आठवडाभर दुसऱ्यांच्या शेतांवर राबणारी मुले शनिवारी संध्याकाळी आईबापांच्या झोपडीत एकत्र येतात, असा तिचा विषय. बहीणभाऊ एकमेकांची विचारपूस करतात, तेथे कवीने हेच क्रियापद घातले आहे. मग जेवण होते, बाप मोठे बायबल उघडतो आणि सारे प्रार्थनेला बसतात. क्रम लक्षात घ्यावा. आधी एकमेकांना पुसणे, मग भाकर, मग देवाचे नाव. आपल्याही घरांत तिन्हीसांजेला जपमाळ होत असे. तिच्याआधी आजी प्रत्येकाला काही ना काही विचारून घेई आणि त्या विचारण्यातून कोणाच्या नावाने कोणता मणी सोडायचा, ते ठरे. जपमाळ काही घरांत अजून आहे. आधीचे विचारणे राहिले आहे का, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

‘विचारपूस’ या मराठी शब्दात विचारही आहे आणि पुसणेही आहे. ‘विचार’ म्हणजे मुळात इकडेतिकडे हिंडणे. तेव्हा विचारपूस बसल्या जागी होत नाही. ‘वास्तपुस्त’ असाही एक शब्द जुन्या माणसांच्या बोलण्यात होता, तो आता ऐकू येत नाही. घरभेटीला गेलो की मी काही उपदेश करीत नाही. ओटीवर बसतो आणि विचारतो. पाय कसा आहे, भात किती झाला, परदेशातल्या लेकीचा फोन केव्हा आला. याला काहीजण वेळेचा अपव्यय समजतात. स्कॉट्समध्ये अशा विचारण्यातून जे हाती लागते त्याला ‘स्पीरिंग्ज’ म्हणतात, म्हणजे वर्तमान, खबर. ‘शुभवर्तमान’ सांगायला निघालेल्याने आधी घरातले वर्तमान ऐकलेले बरे.

सगळेच विचारणे मात्र असे मायेचे नसते. स्कॉट्समध्ये ‘बॅक-स्पीर’ असाही शब्द आहे. उलटतपासणी हा त्याचा अर्थ. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पाळकांनी घरोघर जाऊन लोकांकडून धर्मप्रश्नोत्तरी म्हणवून घ्यायची, अशी वहिवाट होती. १६४८ साली तेथील सभेने मंजूर केलेल्या लहान प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. तिला लोक ‘कॅरिच’ म्हणत. आपल्याकडेही १६२२ साली रायतूर येथे छापलेली फादर स्टीफन्स यांची ‘दौत्रिना’ कोकणी मुलांसाठी संवादाच्या रूपातच आहे. माझ्या पिढीने तर सारा धर्म प्रश्नोत्तरांतूनच पाठ केला आणि त्या पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. संकटाच्या रात्री पाठ केलेलेच ओठांवर येते. परंतु प्रश्नोत्तरीतला प्रश्न विचारतो तो गुरू, आणि त्याला उत्तर ठाऊक असते. ‘कॅटेकिझम’ या शब्दात प्रतिध्वनी आहे, माग नाही. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याचा प्रश्न वेगळा. आणि ज्या लॅटिन धातूने संत आन्सेल्म यांना ‘समज शोधणारी श्रद्धा’ म्हणायला शिकविले, त्याच धातूपासून ‘इन्क्विझिशन’ हा शब्द झाला, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात ते न्यायासन १५६० साली सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे बंद पडले. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात सत्ता आली की प्रश्नाचे काय होते, ते आपल्या पूर्वजांनी भोगले आहे.

काही वर्षांमागे आमच्या धर्मग्रामातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा लोकलमधून पडून गेला. अंत्यविधीनंतर घरी बायामाणसे जमली होती. आई रडत नव्हती. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती : ‘का?’ जवळच्या बाया तिचा हात धरून सांगत होत्या, ‘बाई गं, देवाला असं विचारू नये. पाप लागतं.’ त्या चांगल्या, भाविक बाया होत्या आणि तिचे दुःख हलके करावे म्हणूनच बोलत होत्या. परंतु मला ते पटले नाही आणि तेथेच मी तसे सांगितले. विचारू द्या तिला, म्हटले. ईयोबाने विचारले. देवाने त्याला वादळातून सुनावले खरे, पण रागावला तो त्याच्या मित्रांवर, ज्यांनी देवाच्या वतीने सगळी उत्तरे आधीच देऊन टाकली होती. स्तोत्रकर्त्याने विचारले. आणि क्रुसावर प्रभूने त्याच स्तोत्राचा पहिला शब्द उच्चारून विचारले, ‘का?’

तेव्हा मला ‘स्पीर’ ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी त्या घरात व्युत्पत्ती सांगत बसलो नसतो. परंतु नंतर त्या शब्दाशी थांबलो तेव्हा त्या आईचा ‘का’ आठवला. पाऊलखूण जेथे दिसतच नाही, तेथे माग कोण काढील? या वाटेने कोणी गेलेच नाही असे ज्याला वाटते, तो विचारत नाही. तो घरी जातो. ती आई घरी जात नव्हती. देव तिच्या घरात एकोणीस वर्षे वावरत होता, तिने त्याची पावले पाहिली होती, आणि आता ती एकाएकी कोठे नाहीशी झाली, हे ती जमिनीला तोंड लावून शोधीत होती.

संत पौल यांना हे ठाऊक होते. रोमकरांस पत्रातील नववा ते अकरावा हे तीन अध्याय वाचावेत. आपले स्वतःचे लोक ख्रिस्ताला का ओळखीत नाहीत, हे त्यांचे जिव्हारीचे दुःख. त्या दुःखापोटी ते प्रश्नामागून प्रश्न करीत जातात. शेवटी, अकराव्या अध्यायाच्या तेहेतिसाव्या ओवीत, देवाच्या मार्गांविषयी एक विशेषण त्यांच्या लेखणीतून उतरते, ज्याला मराठीत आपण ‘अगम्य’ म्हणतो. ग्रीक शब्द आहे ‘आनेक्सिख्निआस्तोस’. त्यात ‘इख्नोस’, म्हणजे पाऊलखूण, दडलेला आहे : ज्याचा माग काढता येत नाही असा. लॅटिन बायबलने त्यासाठी ‘इन्वेस्तिगाबिलिस’ असा शब्द घातला. ‘वेस्तिगियुम’ म्हणजेही पाऊलखूणच. गंमत अशी की, याच लॅटिन कुटुंबातील ‘इन्वेस्टिगेशन’ म्हणजे तपास, माग काढणे. आणि येथे मात्र ‘इन्’ नकारार्थी होऊन माग काढता न येणे. गुरुविद्यालयात या शब्दावर आमच्यापैकी बरेच जण घसरत. पौल प्रश्न करून दमल्यावर ‘अगम्य’ म्हणतात, प्रश्न टाळण्यासाठी नव्हे. सांत्वनाला जाणाऱ्यांनी हा क्रम मोडू नये असे मला वाटते. पहिल्याच भेटीत ‘देवाचे मार्ग अगम्य’ म्हणून दार लावून घेणे सोपे असते. आणि पुन्हा, संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात दुःख सोसणाऱ्या सेवकांना लिहितात, तेव्हा तोच ‘इख्नोस’ सरळ अर्थाने वापरतात : ख्रिस्ताने दुःख सोसून पाऊलखुणा मागे ठेवल्या आहेत, त्यांवरून चालावे. पित्याच्या मार्गांचा माग लागत नाही. पुत्राची पावले मात्र मातीत रुतलेली आहेत, आणि ती कोणत्या टेकडीकडे गेली, ते आपल्याला माहीत आहे.

लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या देवदूताला प्रश्न करतो आणि मुका होतो. मरियाही प्रश्न करते आणि तिला उत्तर मिळते. यावर पूर्वाचार्यांनी पुष्कळ लिहिले आहे; जखऱ्याने पुरावा मागितला, मरियेने वाट विचारली, एवढाच फरक मला दिसतो. दुसऱ्या अध्यायात तर प्रश्नांची दाटी आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो. मायबाप एक दिवसाची वाट चालून गेल्यावर ध्यानात येते. नातलगांत, ओळखीच्यांत पुसत पुसत ती दोघे उलट पावली परततात. तिसऱ्या दिवशी तो सापडतो तो मंदिरात, गुरुजनांमध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. आई त्याला विचारते की, असे का केलेस. तो उत्तरादाखल तिलाच दोन प्रश्न करतो. आणि लूक प्रांजळपणे नमूद करतो की, त्याचे बोलणे त्यांना समजले नाही. मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला जातो.

त्या मुलाच्या वर्षाच्या मिस्साच्या आधी मी आईला विचारले की, शुभवर्तमानातील कोणता उतारा वाचावा. अशा वेळी सहसा लाजर किंवा नाईनच्या विधवेचा पुत्र सांगतात. तिने मंदिरात सापडलेल्या येशूचा सांगितला. मी क्षणभर थांबलो, तशी म्हणाली, “फादर, तिनंसुद्धा विचारलंच की.” त्या रविवारी तोच वाचला.